सतरा नंबरच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मुलगा आठवीत शिकतो. ऐकलेले त्याच्या लक्षात राहते, तोंडी उत्तरे तो चटकन देतो, तोंडी हिशेब बरोबर करतो, विज्ञानातील प्रयोग समजावून सांगतो. मात्र वाचताना अडखळतो, फळ्यावरचे उतरवून होण्याआधीच तास संपतो आणि वहीत वेलांट्या, उकार व जोडाक्षरे यांचा मेळ राहत नाही. एका खासगी समुपदेशकाने अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडण्याची, शक्यता व्यक्त केली आहे. मुख्याध्यापकांनी आईपुढे दोन मार्ग ठेवले आहेत: मुलाला विशेष शाळेत घाला, नाहीतर पुढे दाखला काढून सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि त्याला बाहेरून दहावीला बसवा. ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही आणि प्रमाणपत्र आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही,’ असे त्यांचे म्हणणे आहे. शाळेला असे म्हणता येते का आणि मुलाचा नेमका हक्क काय, असे आईने विचारले आहे.

असे म्हणता येत नाही. विशेष शिक्षिका म्हणून मी बराच काळ जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत काम करत आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांची अडचण मला ठाऊक आहे. दहावीच्या निकालाची टक्केवारी गावात फलकावर लागते आणि एखादे मूल तो आकडा खाली आणील अशी भीती शाळेला वाटते. सतरा नंबरचा फॉर्म मात्र ज्यांची शाळा सुटली आहे, अशांना खासगीरीत्या परीक्षा देता यावी म्हणून आहे. जे मूल रोज गणवेश घालून वर्गात येते, त्याची शाळा सोडवण्याचे ते साधन नव्हे. ताई, तुम्ही दाखल्यासाठी अर्ज केलात, तर कागदोपत्री तुम्हीच मुलाला शाळेतून काढले असे होईल आणि पुढे शाळेला जबाबदार धरणे अवघड जाईल. म्हणून बाकी काही ठरवण्याआधी एवढे ठरवा, की दाखल्याचा अर्ज तुमच्या हातून जाणार नाही.

आठवीतील मुलाला आज दोन कायदे एकाच वेळी लागू होतात. पहिला २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही, असे त्याचे कलम १६ सांगते. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली, अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रात ही पद्धत २०२३-२४ पासून सुरू झाली. त्यामुळे आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा देऊनही यश आले नाही, तर त्याच वर्गात ठेवता येते. शाळेबाहेर काढता येत नाही. दुसरा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, जो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांपैकी एक आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात तिचा समावेश नव्हता. डोळ्यांना दिसणारे अपंगत्व तेवढेच खरे, असे अनेक अनुभवी मुख्याध्यापक अजूनही मानतात, त्यामागे हेही एक कारण आहे. या दुसऱ्या कायद्यातही शिक्षणाविषयीची मुख्य कलमे १६ आणि १७ हीच आहेत, त्यामुळे अर्जात नुसते ‘कलम १६ नुसार’ लिहिले की कार्यालयात गोंधळ होतो. कायद्याचे पूर्ण नाव प्रत्येक वेळी लिहावे.

२०१६ च्या कायद्यातील कलम १६ शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांविषयी बोलते: भेदभाव न करता प्रवेश, इमारतीची सुगम्यता, प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय, अंध व कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य असलेल्या भाषेत आणि माध्यमातून शिक्षण. मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि त्यावर शैक्षणिक उपाय करणे, हे कर्तव्यही याच कलमात आहे. म्हणजे ओळखण्याचे काम आधी शाळेचे होते, आणि तीच शाळा आता तुमच्याकडे प्रमाणपत्र मागत आहे. एखादा सावध संस्थाचालक असे म्हणेल, की या कलमाची वाक्यरचना शासनाने ‘प्रयत्न करावा’ अशी आहे, मग आमच्यावर बंधन कुठे आले? शब्दांपुरते ते खरे आहे. परंतु याच कायद्यात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणे हासुद्धा भेदभाव धरला आहे, आणि दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास कलम ३ मनाई करते. वाजवी सोयीलाही मर्यादा आहे. संस्थेवर अवाजवी भार पडेल अशी मागणी तिच्यात बसत नाही. छोट्या शाळेने उद्या लिफ्ट बसवावी, असा आग्रह तुम्हाला धरता येणार नाही. मात्र प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात छापणे, फळ्यावरच्या मजकुराची प्रत देणे, तोंडी उत्तर ग्राह्य धरणे यांत भार कसला? शाळेचे म्हणणे बहुतेक वेळा इथेच लटके पडते.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. मंडळाच्या परीक्षेतील सवलतींसाठी ते लागते, वर्गातील मदतीसाठी लागत नाही. मुलगा वाचताना अडतो हे शिक्षकाला रोज दिसते. त्याची खातरजमा रुग्णालयाने करेपर्यंत त्याला मोठ्याने वाचायला उभे करून वर्गाला हसू द्यावे, असे कोणताही नियम सांगत नाही. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने मुलांमधील दिव्यांगत्वाची चिन्हे शाळेतच ओळखता यावीत म्हणून ‘प्रशस्त’ नावाची पडताळणी सूची आणि ॲप २०२२ मध्ये दिले असून वर्गशिक्षकाने पहिला भाग भरावा आणि विशेष शिक्षकाने दुसरा, अशी त्याची पद्धत आहे. तुमच्या शाळेने तो पहिला भाग भरला का, हे विचारा. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक तुमच्या पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात नेमलेले असतात. ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही’ याचा अर्थ बहुधा ‘आम्ही त्यांना बोलावले नाही’ इतकाच असतो. ते रोज येऊ शकणार नाहीत, कारण त्यांच्याकडे अनेक शाळा असतात. विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे निश्चित करून भरण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले, यावरून प्रत्यक्ष स्थितीचा अंदाज येईल. तरीही गट साधन केंद्राला शाळेने लिहिलेले एक पत्र मुलाची नोंद विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांत होण्यासाठी उपयोगी पडते.

तपासणीचा क्रम तुम्हाला माहीत असलेला बरा, कारण रुग्णालयात बऱ्याच फेऱ्या होतात आणि एखादा टप्पा चुकला की पुन्हा रांग धरावी लागते. आधी डोळे आणि कान तपासले जातात. मग मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात. मग विशेष शिक्षक वाचन, लेखन व गणित यांची शैक्षणिक चाचणी घेतात. शेवटी बालरोगतज्ज्ञ किंवा समिती निदानावर सही करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शासकीय व अनुदानित शाळांत येते. त्याच्यामार्फत जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे संदर्भचिठ्ठी मिळाली, तर काम सोपे होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्र या कामातील जुने ठिकाण आहे, पण त्यासाठी तुम्हाला मुंबई गाठायलाच हवी असे नाही; जिल्हा रुग्णालयाने आपल्याकडे सोय नाही असे सांगितले, तर कोणत्या रुग्णालयात जायचे ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. खासगी समुपदेशकाचा अहवाल टाकून देऊ नका. मंडळ तो प्रमाणपत्र म्हणून मानणार नाही, पण मुलाला कसे शिकवायचे हे ठरवताना तोच अधिक कामाचा ठरतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मूल्यमापनाच्या सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळत असे, चौदाव्या वर्षी नव्याने तपासले जाई आणि अठराव्या वर्षी मिळालेले कायम राही; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, म्हणून फेरतपासणीचे वय रुग्णालयात विचारून घ्या. तुमचा मुलगा तेरा-चौदाच्या उंबरठ्यावर आहे. चौदाव्या वर्षी फेरतपासणी लागते असे सांगितले आणि त्याचा चौदावा वाढदिवस अगदी जवळ असेल, तर तपासणीची तारीख त्यानंतरची घ्या, म्हणजे वर्षभरात दुसरी खेप पडणार नाही.

एक गोष्ट आवर्जून बघा: चाचणी मराठीतून व्हावी. मराठी माध्यमातील मुलाला इंग्रजी उतारा देऊन त्यावरून निदान करणे म्हणजे भाषा न शिकल्याची नोंद करणे होय. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही अध्ययन अक्षमता तपासण्याची साधनमाला हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत २०१५ पासून उपलब्ध आहे. देवनागरीत वाचणाऱ्या मुलाच्या अडचणींचे रूपही वेगळे असते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी येते. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो. ‘प्र’ आणि ‘र्प’ यांत र एकच, पण जागा आणि आकार दोन्ही निराळे. साधे शब्द बरोबर वाचणारे मूल ‘कर्तव्य’, ‘प्रार्थना’, ‘निर्मिती’ आले की थांबते आणि पुढचे अंदाजाने म्हणते. मराठीतील अध्ययन अक्षमता पुष्कळदा चुकांपेक्षा संथपणात दिसते. मूल बरोबर वाचते, पण ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा अर्थ हातून निसटलेला असतो. इंग्रजीच्या स्पेलिंगमध्ये हीच अडचण उघडी पडते. त्यामुळे पाचवी-सहावीपर्यंत ‘इंग्रजी कच्चे आहे’ एवढेच म्हटले जाते.

उलट, वाचता न येणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते, हेही सांगायला हवे. तुमच्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले अर्धे वर्ष शाळेबाहेर राहतात. त्यांचे मागे पडणे ही अक्षमता नसून हुकलेले शिक्षण आहे. घरी वेगळी बोली बोलणारी, कानाने अधू असलेली, चष्म्याचा नंबर न तपासलेली मुलेही याच रांगेत उभी केली जातात. चांगली तपासणी या साऱ्या शक्यता आधी बाजूला काढते, आणि म्हणूनच ती एका बैठकीत उरकत नाही. एका भेटीत प्रमाणपत्र देऊ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. वाचन सुधारण्यासाठी रंगीत चष्मे, मेंदूचे टॉनिक, डोळे बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग यांवरही पैसा घालू नका, अशा मुलांच्या पालकांची घाई हेच ते विकणाऱ्यांचे भांडवल असते.

चाळीस टक्क्यांचा मुद्दा पुढे येणारच आहे. २०१६ च्या कायद्यातील काही लाभ चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांनाच मिळतात: सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, पुस्तके व साहित्य, उच्च शिक्षणात शासकीय व अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा. कलम ३१ मध्ये ही निवड बालकाला दिलेली आहे, शाळेला दिलेली नाही, एवढे वाक्य मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवा. मात्र भेदभाव न होण्याचा आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराकडे चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नव्हते, तरी त्याला लेखनिक, म्हणजे तोंडी सांगितलेले उत्तर लिहून देणारा मदतनीस, नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत लेखन अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला जादा वेळ नाकारला गेला, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला न्यायालयाने त्याच तर्काने खडसावले. त्यामुळे तुमच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर चाळीसपेक्षा कमी आकडा आला, तर ‘मग काहीच मिळणार नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

यापुढे मी जे लिहीत आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पालकांचे आणि शाळांचे सगळे लक्ष दहावीच्या सवलतींवर असते आणि वर्षभराच्या वर्गाकडे कोणी पाहत नाही. सवलत परीक्षेच्या तीन तासांपुरती असते. जो मुलगा आठवी-नववीत काही शिकलाच नाही, त्याला दहावीत तासभर जादा मिळाला, तर तो तासभर अधिक वेळ कोऱ्या कागदापुढे बसेल. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीतील योग्य बदल म्हणून आला आहे. ते केवळ मंडळाच्या परीक्षेसाठी आहेत असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. म्हणून पहिली मागणी चालू सत्राच्या चाचणीपासून करा, आणि आठवीची वार्षिक परीक्षा ही तर तुमच्यासाठी तातडीचीच बाब आहे.

शाळेकडे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा मागा. हे नाव ऐकून शिक्षक घाबरतात आणि मग दहा पानी तक्ता भरून कपाटात ठेवतात. एक पान पुरते. मुलाला आज काय येते, या सत्रात कोणत्या दोन-तीन गोष्टी साधायच्या, कोण, केव्हा आणि किती वेळ देणार, आणि कोणत्या तारखेला पुन्हा पाहायचे, एवढे त्यात असावे. तुम्ही वर्णन केले त्यावरून मी त्या पानावर हे लिहीन: पुढच्या बाकावर जागा; फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी शेजारच्या विद्यार्थ्याच्या वहीची छायाप्रत किंवा शिक्षकांची टिपणे; आधी न सांगता वर्गासमोर मोठ्याने वाचायला न लावणे, आणि लावायचेच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी देणे; विज्ञान आणि इतिहासाच्या उत्तरांत शुद्धलेखनाचे गुण न कापणे; प्रत्येक घटकाची एक तोंडी चाचणी. भाषेच्या पेपरात शुद्धलेखनाला गुण असतात, तिथे ते कापले जाणारच, हे मुलालाही समजावून सांगावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती मोबाइलवर मोठी करून दाखवता येतात आणि घरातील कोणी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण केले, तर ऐकून अभ्यास करणाऱ्या मुलाला त्याचा फार उपयोग होतो. धडा आधी ऐकायचा आणि मग डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा ऐकायचा, असा क्रम ठेवा.

वाचन सुधारण्याचे काम मात्र यापेक्षा वेगळे आहे आणि ते नेमाने करावे लागते: आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्धा ते पाऊण तास, एकाच व्यक्तीबरोबर. बाराखडी घोकून घेणे हा उपाय नाही, कारण हा मुलगा बाराखडी म्हणून दाखवील, पण ‘कि’ आणि ‘की’ सुटे दाखवले तर चाचरेल. एक स्वरचिन्ह घ्यावे, ते दहा वेगवेगळ्या व्यंजनांना लावून वाचावे, वाळूत किंवा हवेत बोटाने गिरवत उच्चारावे, मग त्याच चिन्हाचे शब्द आणि त्यानंतर वाक्य. जोडाक्षरे फोडून आणि जोडून दाखवावीत: आधी पाय मोडून लिहिलेले, मग नेहमीचे. आठवीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक देऊ नये; त्याला अपमान वाटतो आणि तो वाचायचेच सोडतो. क्रिकेटच्या बातम्या, ट्रॅक्टरच्या जाहिराती, गावच्या यात्रेचे पत्रक, जे त्याला वाचावेसे वाटेल ते घ्यावे आणि त्यातून आजच्या चिन्हाचे शब्द शोधावेत. आठवीत सुरुवात केली तर वाचन समवयस्कांइतके भरभर होईलच असे आश्वासन मी देणार नाही, पण स्वतःपुरते वाचून समजण्याइतके ते बहुतेक मुलांत होते.

सवलती निवडताना सावध राहा. राज्य मंडळाच्या परीक्षेत साधारणपणे ताशी वीस मिनिटे जादा वेळ, विद्यार्थ्याहून खालच्या इयत्तेतील लेखनिक, गरजेनुसार गणकयंत्र, तिसऱ्या भाषेऐवजी दुसरा विषय अशा सोयी मिळतात. गणन अक्षमता असलेल्यांना नेहमीच्या गणिताऐवजी सातवीचे अंकगणित आणि त्याच्या जोडीला कार्यानुभवाचा विषय घेण्याची सवलतही जुनी आहे. जे जे मिळते ते सारे घ्यावे, असा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. मी देणार नाही. गणित सोडले की दहावीनंतर तंत्रनिकेतन आणि विज्ञान शाखेकडे जाणारे मार्ग जवळजवळ बंद होतात. तुमचा मुलगा तोंडी हिशेब बरोबर करतो आणि प्रयोग समजावतो, असे तुम्ही लिहिले आहे. मग अडचण शब्दांत मांडलेली उदाहरणे वाचण्याची आहे, गणिताची नव्हे. त्याला वाचक किंवा लेखनिक आणि जादा वेळ पुरेल. ज्या मुलाला खरोखरच संख्येची जाण नाही, त्याच्यासाठी मात्र ती सवलत म्हणजे दहावी उत्तीर्ण होण्याची खरी संधी असते. हा निर्णय शैक्षणिक चाचणीचा अहवाल पुढे ठेवून नववीच्या सुरुवातीला घ्यावा.

लेखनिकाबद्दल तर जितके सांगावे तितके थोडे. लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले, असे समजतात आणि मूल परीक्षेच्या दिवशी प्रथमच अनोळखी मुलाशेजारी बसते. उत्तर तोंडी रचून, थांबत थांबत, लिहिणाऱ्याच्या वेगाने सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. उत्तर मनात पूर्ण तयार असले, तरी सांगताना मूल अर्धवट वाक्यावर पुढे जाते, लेखनिक मागे राहतो आणि दोघेही गोंधळतात. नववीच्या प्रत्येक चाचणीत त्याला लेखनिक द्या. कच्च्या कामासाठी स्वतःचा कागद हाती असू द्या; भूमितीची आकृती कशी सांगायची, नकाशात ठिकाण कसे दाखवायचे, मुद्दा क्रमांक कसे म्हणायचे, हे ठरवून घ्या. प्रश्न मुलाला दोनदा वाचून दाखवायला लेखनिकाने शिकावे लागते आणि उत्तर सुचवायचे नाही, हेही. एक वर्ष असा सराव झालेला मुलगा आणि फेब्रुवारीत घाईने लेखनिक शोधलेला मुलगा यांच्या उत्तरपत्रिकांत पडणारा फरक मी प्रत्यक्ष पाहिला आहे. काही मुले सरावानंतर ‘मला लेखनिक नको, फक्त वेळ द्या’ असे म्हणतात. तसे म्हटल्यास ऐकावे.

‘मग इतर मुलांवर अन्याय नाही का,’ हा प्रश्न शिक्षक विचारतात, कधी पालकसभेतही निघतो. तीन तासांच्या पेपरात तुमच्या मुलाला एक तास अधिक मिळेल. तो तास प्रश्न वाचण्यातच जाईल. इतिहासाचा पेपर इतिहास किती कळला हे मोजण्यासाठी असतो. एखाद्याला अशोकाची कारकीर्द ठाऊक आहे आणि ती लिहिता येत नाही, तर नुसत्या लेखी पेपरात त्याचे लेखन मोजले जाते, इतिहास नाही. या पलीकडे फार वाद घालत बसू नका. मुलाचे प्रमाणपत्र वर्गात किंवा सभेत दाखवून कोणाचीही समजूत काढायला शाळेला परवानगी देऊ नका. ते मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि विषयशिक्षक यांच्यापुरतेच राहावे.

आता कागदपत्रांचे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. त्यात मुलाची अडचण, समुपदेशकाच्या अहवालाची प्रत, दोन्ही कायद्यांची नावे व कलमे, हव्या असलेल्या सोयी आणि आराखडा ठरवण्यासाठी बैठकीची विनंती असावी. दाखल्याविषयी किंवा सतरा नंबरच्या फॉर्मविषयी तोंडी जे सांगितले गेले, तेही तारखेसह शांत शब्दांत नोंदवा: ‘आपण मला असे सुचवले, मी त्यास संमती देत नाही.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. माझा अनुभव असा, की या एका कागदाने बहुतेक प्रकरणांत शाळेचा सूर बदलतो, कारण तोंडी सल्ला देणारा मनुष्य लेखी नकार द्यायला तयार नसतो. उत्तर आले नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच जोडून अर्ज करावा. त्यानेही भागले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात, म्हणजे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, तक्रार करता येते. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. २०१६ च्या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. तिचा उल्लेख पहिल्याच पत्रात करू नये. त्याच शिक्षकांच्या वर्गात मुलाला आणखी दोन वर्षे बसायचे आहे.

मंडळाच्या सवलतींचा प्रस्ताव पालकांना थेट पाठवता येत नाही. तो शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि अहिल्यानगर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. दहावीचे आवेदनपत्र भरताना त्यात दिव्यांगत्वाच्या प्रकाराची नोंद बरोबर झाली आहे ना, हे सही करण्यापूर्वी स्वतः वाचून पाहा, कारण तिथे राहून गेलेली नोंद पुढे दुरुस्त करून घेताना बराच वेळ जातो. प्रमाणपत्र नववीच्या वर्षात हाती असेल, तर हे सारे निवांत होते. स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी अर्जही त्याच वेळी करून टाका. समग्र शिक्षेतून विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला प्रतिविद्यार्थी साडेतीन हजार रुपयांची तरतूद असते, ती साहित्य आणि सेवांच्या रूपाने येते. गट साधन केंद्रात मुलाची नोंद झाली नसेल, तर त्याच्या वाट्याचे काही येणार नाही.

विशेष शाळेचा मार्ग सगळ्यांसाठी चुकीचा आहे, असे माझे म्हणणे नाही. कर्णबधिर मुलाला खाणाखुणांची भाषा येणारे सवंगडी आणि शिक्षक विशेष शाळेत मिळतात, आणि गावच्या शाळेत तो नुसता बसवून ठेवला जात असेल, तर पालकांनी विशेष शाळा निवडणे शहाणपणाचे ठरू शकते. तीव्र बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही शिक्षणहक्क कायद्यात २०१२ पासून आहे. अध्ययन अक्षमतेच्या मुलाचे प्रकरण मात्र वेगळे आहे. त्याची बुद्धी, त्याचे मित्र आणि त्याचा अभ्यासक्रम नेहमीच्या शाळेतलेच आहेत. बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळेत त्याला पाठवल्याने त्याचे वाचन सुधारणार नाही आणि जे शिकवले जाते ते त्याला आधीच येत असेल.

या आठवड्यात तीन कामे करा. समुपदेशकाच्या अहवालाच्या प्रती काढा, मुख्याध्यापकांना अर्ज देऊन पोच घ्या आणि जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणीची तारीख विचारा. मुलाच्या पहिलीपासूनच्या वह्या आणि प्रगतिपुस्तके रद्दीत दिली नसतील, तर जपून ठेवा. अडचण किती जुनी आहे, हे चाचणी घेणाऱ्याला त्यांतूनच दिसते. अर्जावर शाळेने काय उत्तर दिले ते कळवलेत, तर आराखड्याचे ते एक पान भरायला मी मदत करीन.